पेशंट चालला, एवढ्यानं गेट ट्रेनिंग होत नाही

पत्र

नमस्कार ताई,

मी मूळची सोलापूरची. बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) करून दोन वर्षं एका हॉस्पिटलात काम केलं. पगारात भागेना म्हणून दीड वर्षापूर्वी पुण्यात मेडिकल बिलिंगच्या कंपनीत लागले. अमेरिकेतल्या फिजिओथेरपी क्लिनिक्सचं कोडिंग करते (नोट वाचून उपचारांना बिलाचे कोड लावते), शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. आमचे टीम लीड म्हणतात, नोटमध्ये पेशंट चालला असं दिसलं की 97116, म्हणजे गेट ट्रेनिंगचा (चालणं शिकवण्याचा) कोड, लावायचा आणि क्लेम परत आला की 59 हा मॉडिफायर (कोडाला जोडायची खूण) लावून पुन्हा पाठवायचा. एका क्लिनिकच्या नोट्समध्ये रोज तीन प्रकारचे उपचार, प्रत्येकाला बरोबर 8 मिनिटं, आणि आम्ही सगळ्यांना तीन युनिट लावतो. पार्किन्सन्स झालेल्या एका आजींचे मेडिकेअरनं (अमेरिकेतला, मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) सहा क्लेम नाकारले, कारण काय तर 'मेडिकल नेसेसिटी नाही', म्हणजे उपचाराची गरज नाही. ते राइट ऑफ करायला, म्हणजे बुडीत धरून सोडून द्यायला सांगितलंय. मी शंका काढली की ऐकायला मिळतं, 'इथे तू फिजिओ नाहीस, कोडर आहेस.' घरी बाबा म्हणतात, एवढं शिकून आकडे भरत बसलीस. माझं काही चुकतंय का? सोबत दोन स्क्रीनशॉट पाठवते आहे.

एक वाचक, हिंजवडी

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या स्क्रीनशॉटबद्दल. पहिला उघडला, कोपऱ्यात पेशंटचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख दिसली, तिथंच बंद केला. दुसरा उघडलाच नाही. दोन्ही पुसून टाकलेत. तूही तुझ्या फोनमधून, सेंट फोल्डरमधून आणि जिथं आपोआप बॅकअप होतो तिथून आत्ताच काढ. अमेरिकेत 1996 पासून पेशंटची माहिती जपणारा हिपा नावाचा कायदा आहे आणि क्लिनिकनं तुमच्या कंपनीशी केलेल्या करारातून तो हिंजवडीतल्या तुझ्या टेबलापर्यंत पोचतो. तुझा हेतू चांगला होता हे मला कळतं. पण उद्या तू बरोबर असलीस तरी या एका चुकीवरून तुलाच घरी बसवता येईल, आणि मग त्या आजींची बाजू कोणी घेणार नाही. यापुढे मला, मैत्रिणीला, कोणालाही विचारताना नाव-तारीख काढून नुसता प्रसंग लिहायचा.

आता तुझा प्रश्न. तुझं चुकत नाहीये. तू जे बघून अस्वस्थ झालीस ते दिसायला फिजिओथेरपिस्टचे डोळे लागतात. ते डोळे तुझ्याकडे आहेत म्हणून तुला त्रास होतोय.

97116 या कोडचं वर्णन पुन्हा वाच. गेट ट्रेनिंग, जिने चढणं-उतरणं धरून, दर 15 मिनिटांना एक युनिट, थेरपिस्ट आणि पेशंट समोरासमोर, एकास एक. त्यातला वजनदार शब्द आहे 'ट्रेनिंग'. पेशंट चालणं ही पेशंटची क्रिया झाली. ट्रेनिंग ही थेरपिस्टची. विमा कंपनी पैसे देते ते थेरपिस्टच्या कौशल्याचे, पेशंटच्या पावलांचे नाहीत. मेडिकेअरच्या नियमावलीतही हा फरक स्पष्ट आहे: मज्जासंस्था, स्नायू किंवा हाडांच्या दोषामुळे ज्याचं चालणं बिघडलंय त्याला चालायला शिकवणं हे कुशल काम. अशक्त माणसाला आधार देऊन फेऱ्या मारवणं, ताकद टिकावी म्हणून तेच तेच चालवून घेणं, हे घरचं माणूस किंवा मदतनीसही करू शकतो, म्हणून ते कुशल काम धरलं जात नाही.

मी मिरजेला शिकले आणि पुढे न्यू जर्सीत अकरा वर्षं प्रॅक्टिस केली. तिथला एक पेशंट सांगते, ओळख पटेल असं सगळं काढून. निवृत्त बस ड्रायव्हर, स्ट्रोकनंतर डावी बाजू लुळी. वॉकर घेऊन तो दोनशे फूट चालायचा, लांबून बघणाऱ्याला वाटावं की चाललंय की बरं. मी चाकाच्या स्टुलावर त्याच्या डाव्या बाजूला बसून त्याच्याबरोबर सरकत असे. डावं पाऊल उचललं जात नव्हतं म्हणून तो अख्खा पाय बाहेरून कोयत्यासारखा फिरवून पुढे टाकायचा. वजन त्या पायावर आलं की गुडघा मागे खाडकन जायचा. माझा एक हात त्याच्या कमरेच्या हाडावर, दुसरा गुडघ्याच्या मागे. जमिनीवर चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारलेल्या, रेघेवर टाच आधी टेकवायची. दर पावलाला मी 'टाच' म्हणायचे, तो मनात मोजायचा. चौथ्या आठवड्यात गुडघ्यामागचा माझा हात काढला, तरी दहापैकी सात पावलांत गुडघा मागे गेला नाही. ते बारा मिनिटांचं काम 97116 होतं, त्यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

आणि त्या दिवशीची माझी नोट काय होती? 'पेशंट ॲम्ब्युलेटेड 200 फीट विथ रोलिंग वॉकर, टॉलरेटेड वेल.' म्हणजे वॉकर घेऊन 200 फूट चालला, नीट झेपलं. एवढंच. टेम्प्लेटमधून आलेलं वाक्य, मी फक्त फुटांचा आकडा बदलत होते. क्लिनिकमध्ये सगळेच तसं करायचे आणि मालकांचं म्हणणं असे की नोट्सवर वेळ घालवू नका, पुढचा पेशंट घ्या. वर्षभरानं मेडिकेअरच्या कंत्राटदारानं रेकॉर्ड मागवलं. त्या पेशंटची सगळी गेट ट्रेनिंगची युनिट नामंजूर झाली, पैसे परत करावे लागले. मी समोर बसून सांगत होते की हे केलं होतं, ते केलं होतं. तपासणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, कागदावर दाखवा. कागदावर माझा हात नव्हता, गुडघा नव्हता, टाच नव्हती. दोनशे फूट तेवढे होते.

हे लांबवून सांगितलं कारण तुझ्या टीम लीडचा नियम दोन्ही बाजूंनी चुकतो. जिथं नुसत्या फेऱ्या मारल्या तिथं पैसे मागितले जातात. आणि जिथं खरंच काम झालं तिथं नोट सुधारून घेण्याची संधी वाया जाते, कारण कोडरनं विचारलंच नाही. 2018 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरल कार्यालयानं बाह्यरुग्ण फिजिओथेरपीच्या क्लेम्सचा एक अहवाल काढला होता. 2013 च्या दुसऱ्या सहामाहीतले 300 क्लेम तपासले, 184 नियमात बसले नाहीत. त्या हिशेबानं मेडिकेअरचे त्या सहा महिन्यांत सुमारे 36 कोटी 70 लाख डॉलर चुकीचे गेले असा त्यांचा अंदाज होता. कारणं कोणती? मेडिकल नेसेसिटी, कोडिंग आणि नोंदी. तू रोज रात्री जे बघतेस तेच.

मग नोटमध्ये काय शोधायचं? चालण्यात दोष कोणता हे लिहिलंय का: पाऊल घासतं, पावलं आखूड पडतात, कंबर एका बाजूला झुकते, असं काही. थेरपिस्टनी त्यावर काय केलं: हातानं दिशा दिली, तोंडी सूचना दिली, वॉकरची उंची बदलली, काठी कोणत्या हातात धरायची ते शिकवलं, ऑपरेशननंतर किती वजन टाकायचं ते करवून घेतलं. आणि त्यानं फरक काय पडला. हे तिन्ही दिसलं तर कोड टिकतो. फक्त अंतर आणि 'टॉलरेटेड वेल' दिसलं तर थांब. ट्रेडमिलवर दम वाढावा म्हणून दहा मिनिटं चालवलं असेल तर ते 97110 कडे जातं, व्यायामाच्या कोडकडे. पाय कापलेल्या पेशंटला कृत्रिम पायाचं पहिलं शिक्षण असेल तर 97761 बघ. तोल आणि शरीराची जाण यावर काम असेल तर 97112. तुला यातलं प्रत्येक काम हातानं करता येतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला हे पाठ करावं लागतं, तुला नुसतं आठवायचंय.

थांबलीस की करायचं काय? स्वतःच्या मनानं कोड काढायचा नाही आणि लावायचाही नाही, थेरपिस्टला क्वेरी पाठवायची. क्वेरीची भाषा मात्र जपून. 'व्हर्बल क्यू (तोंडी सूचना) दिल्याचं लिहा म्हणजे बिल करता येईल' असं लिहिलंस तर तू उत्तर त्यांच्या तोंडात घातलंस, आणि ते ऑडिटमध्ये तुझ्यावरच येईल. असं लिही: 'अमुक तारखेच्या नोटमध्ये गेट ट्रेनिंग 12 मिनिटं आहे. चालण्यातला दोष आणि थेरपिस्टनी दिलेली मदत यांची नोंद सापडली नाही. कृपया स्पष्ट करावं.' ते जे भर घालतील ती त्या दिवसाची तारीख टाकून, सहीसह, जोडनोंद म्हणून यायला हवी. जुनी नोट बदलून नाही.

आता 8-8-8. इथं तुम्ही सरळ चुकताय, आणि ही चूक मोजून दाखवता येते, म्हणून सुरुवात हिच्यापासूनच कर. मेडिकेअरमध्ये आधी सगळ्या वेळेच्या कोडांची मिनिटं एकत्र मिळवायची: 8 ते 22 मिनिटं झाली तर एक युनिट, 23 ते 37 दोन, 38 ते 52 तीन, 53 ते 67 चार. तुझ्या क्लिनिकचे आठ तिरकं चोवीस, म्हणजे मेडिकेअरला दोन युनिट. तीन नाहीत. ज्या खासगी विमा कंपन्या सीपीटी या उपचार-कोडांच्या पुस्तकाच्या, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीनं चालतात, त्या प्रत्येक कोड स्वतंत्र बघतात. तिथं प्रत्येकी 8 मिनिटांना प्रत्येकी एक, म्हणजे तीन युनिट बसतात. तीच नोट, तोच दिवस, दोन उत्तरं. उलटंही होतं. व्यायाम 32 मिनिटं आणि गेट ट्रेनिंग 7 मिनिटं असं धर. मेडिकेअरला बेरीज 39, म्हणजे तीन युनिट. व्यायामाची दोन पूर्ण झाली, उरलेल्या 2 मिनिटांपेक्षा गेटची 7 जास्त, म्हणून तिसरं युनिट 97116 ला. खासगी पद्धतीत 7 मिनिटं मोजलीच जात नाहीत, फक्त व्यायामाची दोन. तुमच्या सिस्टीममध्ये कोणत्या पेअरला (पैसे देणाऱ्या विम्याला) कोणता नियम लागतो याची यादी असायला हवी. नसेल तर तू बनव. हे काम कोणी सांगायची वाट बघू नकोस.

शिवाय रोज, प्रत्येक पेशंटला, प्रत्येक कामाला बरोबर 8 मिनिटं हे कोणत्याही ऑडिटरच्या डोळ्यांत खुपेल. गुडघा बदललेल्या माणसाला आणि पॅरालिसिस झालेल्या माणसाला सारखीच मिनिटं कशी लागतील? तू क्लिनिकमध्ये काम केलंयस, तुला माहीत आहे. ही गोष्ट क्लिनिकला कळवायलाच हवी, आरोप म्हणून नव्हे, आकडे समोर ठेवून.

एक माणूसही डोळ्यांसमोर ठेव. मेडिकेअरच्या पार्ट बीमध्ये, म्हणजे बाह्यरुग्ण उपचारांच्या भागात, मंजूर रकमेचा 20 टक्के वाटा सहसा पेशंटचा असतो. प्रत्येक खोट्या युनिटमागे कुणा आजी-आजोबांच्या पेन्शनमधून पैसे जातात, नाहीतर त्यांच्या दुसऱ्या विम्यातून. वरून, फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी मिळून वर्षाच्या बिलाचा एक उंबरठा आहे, 2025 साली तो 2,410 डॉलर होता. तो ओलांडला की क्लेमवर केएक्स हा मॉडिफायर लावून सांगावं लागतं की पुढचा उपचार खरंच गरजेचा आहे. 3,000 डॉलरच्या पुढे तपासणी होऊ शकते. जानेवारीत फुकट वाढवलेली युनिटं ऑक्टोबरमध्ये पडलेल्या माणसाच्या वाट्याला अशी येतात. आपल्याकडे सेशनचे ठरलेले पैसे रोख देऊन माणूस मोकळा होतो, त्यामुळे हे पटकन लक्षात येत नाही.

59 बद्दल. हा मॉडिफायर म्हणजे कुलपाची किल्ली नाही, ते एक विधान आहे. तू म्हणतेस, 'ही दोन कामं वेगळी होती आणि वेगवेगळ्या वेळेत झाली.' कोणत्या दोन कोडांची जोडी एकत्र चालत नाही त्याचा तक्ता, एनसीसीआय, दर तिमाहीला बदलतो. जोडीपुढे 0 असेल तर कोणताही मॉडिफायर चालत नाही. 1 असेल तर चालतो, पण नोटमध्ये तशी वेळ असेल तरच. 2020 च्या जानेवारीत थेरपीच्या कितीतरी नव्या जोड्या या तक्त्यात आल्या, सगळीकडून विरोध झाला आणि त्याच महिन्यात बऱ्याच मागे घेतल्या गेल्या. म्हणून पाठांतरावर जाऊ नकोस, मागच्या वर्षीच्या एक्सेल शीटवर तर नाहीच. चालू तिमाहीचा तक्ता उघडायचा, नोटमध्ये दोन्ही कामांची मिनिटं वेगळी आहेत का बघायचं, मग हात लावायचा. नकार आला म्हणून नोट न उघडता 59 लावणं म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणं आहे. मी ते कधी केलं नाही, तूही करू नकोस.

बाकीचं थोडक्यात. फिजिओथेरपीचा जीपी हा मॉडिफायर विसरू नकोस, त्याच्याशिवाय मेडिकेअरकडे फिजिओथेरपीचा क्लेम पुढे सरकत नाही. नोटखाली असिस्टंटची सही असेल तर सीक्यू हा मॉडिफायर लाव, 2022 पासून त्या कामाचे 85 टक्केच मिळतात. ते लपवायला कोणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हण. निदानाच्या बाबतीत सगळ्यांना आर 26.9 हा निदानाचा कोड चिकटवायची सवय असेल तर ती मोडायला हवी. 'चालण्यात काहीतरी दोष' एवढंच तो कोड सांगतो. उजवा गुडघा बदललेल्या पेशंटला झेड 47.1 आणि झेड 96.651, डावा असेल तर शेवटचा आकडा 2. स्ट्रोकनंतर डावी बाजू गेलेल्याला आय 69.354, आणि उजवा-डावखुरा लिहिलेलं नसेल तर डावी बाजू कमी वापराची धरायची, उजवी जास्त वापराची, असा नियमच आहे. पायांवर उभं राहताना तोल डळमळत असेल तर आर 26.81 आणि वारंवार पडत असेल तर आर 29.6, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निदानाच्या कोडनं चालण्याची गोष्ट सांगितली नाही तर 97116 एकटा पडतो.

आता त्या आजी. तुझ्या पत्रातला हा भाग मी तीनदा वाचला. पार्किन्सन्सच्या पेशंटमध्ये सुधारणा दिसत नाही म्हणून उपचार गरजेचा नाही, असं त्या सहा नकारांमागे असेल तर तो निकष चुकीचा आहे. व्हरमाँटमधल्या ग्लेंडा जिमो अंध होत्या आणि मधुमेहामुळे त्यांचा एक पाय काढावा लागला होता. 'सुधारणा होणार नाही' म्हणून त्यांना सेवा नाकारल्या गेल्या. त्यांच्या नावानं चाललेल्या खटल्यात जानेवारी 2013 मध्ये समझोता मंजूर झाला आणि मेडिकेअरला आपली नियमावली स्पष्ट करावी लागली: पेशंट सुधारेल की नाही यावर मंजुरी अवलंबून नाही. आहे ती स्थिती टिकवायला किंवा घसरण हळू करायला थेरपिस्टचं कौशल्य लागत असेल, तर ते काम मंजुरीला पात्र आहे.

म्हणजे आजींच्या नोट्समध्ये तुला सुधारणा शोधायची नाहीये. तुला कौशल्य शोधायचंय. दारात पाय गोठतात तेव्हा थेरपिस्टनी काय केलं? जमिनीवर रेघ, ताल, मोठं पाऊल, वळताना चार पावलांत वळणं, असं काही लिहिलंय का? टाइम्ड अप अँड गो या चाचणीचे आकडे आहेत का? खुर्चीतून उठून, तीन मीटर जाऊन, वळून, परत बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागली तर पडण्याचा धोका धरतात, आणि तो आकडा चार महिने तिथंच राहिला असेल तर पार्किन्सन्समध्ये तेच यश आहे. दर दहा उपचार-दिवसांमागे प्रोग्रेस रिपोर्ट आहे का, प्लॅन ऑफ केअर (उपचाराचा आराखडा) दर 90 दिवसांच्या आत पुन्हा प्रमाणित झालाय का? हे सगळं असेल तर अपील कर. नोट्समध्ये फक्त फेऱ्याच असतील तर अपील टिकणार नाही, पण ते बघून ठरवायचं. न बघता राइट ऑफ केलं तर त्याचा परिणाम त्या बाईवर होतो. पैसे बुडतात म्हटल्यावर क्लिनिक हळूच अपॉइंटमेंट देणं कमी करतं, आणि पार्किन्सन्सचा पेशंट घरी बसला की काय होतं ते तुला मी सांगायला नको.

टीम लीडशी कसं बोलायचं, हाही प्रश्न आहेच. भांडू नकोस. भावनेनं बोललीस तर 'फिजिओ नाहीस' हे उत्तर पुन्हा येईल. ते स्वतः बहुतेक टार्गेटखाली दबलेले असतील. पंधरा चार्ट घे, 8-8-8 चे, मेडिकेअरचे. एका तक्त्यात मिनिटं, आपण लावलेली युनिटं, नियमाप्रमाणे बसणारी युनिटं. पेशंटचं नाव नाही, फक्त आतला क्लेम नंबर. कंपनीच्या ईमेलवरूनच पाठव आणि विचार, 'यात मी चुकत असेन तर सांगा.' उत्तर आलं नाही तर कम्प्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातात का बघणाऱ्या माणसाकडे जा. बिलिंग कंपन्यांनी तसा माणूस नेमावा हे मार्गदर्शन इन्स्पेक्टर जनरल कार्यालयानं 1998 मध्येच दिलंय. त्यांना दोन गोष्टी सांग: जास्तीचे पैसे आलेत हे लक्षात आल्यावर ते परत करायला मेडिकेअरनं 60 दिवसांची मुदत घातलीय, आणि अमेरिकेतल्या फॉल्स क्लेम्स कायद्यात 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही, डोळेझाक केली तरी ती जाणूनबुजूनच धरतात. नुकसानीच्या तिपटीपर्यंत वसुली आणि प्रत्येक क्लेममागे वेगळा दंड. कोणत्याही मॅनेजरला हे समजतं. एवढं करूनही कोणी तुला खोटं युनिट लावायलाच सांगत असेल तर नोकरी बदल. पुण्यात, नवी मुंबईत, नागपुरात या कामाच्या कंपन्या आहेत आणि फिजिओथेरपी कळणारा कोडर त्यांना सहज मिळत नाही.

त्यासाठी एक करून ठेव. सीपीसी ही मेडिकल कोडरची परीक्षा दे. शंभर प्रश्न, चार तास, 70 टक्क्यांना पास. शरीररचना तुला येतेच, वेळ द्यावा लागेल तो शस्त्रक्रिया आणि रेडिओलॉजीच्या कोडांना. पुढे थेरपीच्या नोट्सचं बिलाआधीचं ऑडिट हे काम माग, कंपनीत नसेल तर सुचव.

बाबांना काय सांगशील? त्यांनी तुला पेशंटला उभं करायला शिकवलं आणि तू रात्री संगणकासमोर दिसतेस, तर त्यांना वाईट वाटणारच. त्यांना एखाद्या रविवारी बसवून त्या आजींची गोष्ट सांग, नाव न घेता. सांग की एका बाईचं चालणं टिकून राहावं की नाही हे सध्या सहा कागदांवर अडलंय, आणि ते कागद वाचणारं माणूस तुमची मुलगी आहे. मला वाटतं त्यांना कळेल. आणि हातानं काम करायची ओढ राहिलीच असेल तर शनिवारी-रविवारी जवळच्या एखाद्या क्लिनिकमध्ये दोन-तीन तास जा. मी ऑडिटकडे वळल्यावरही शनिवारची सकाळ सोडली नव्हती, त्यानं माझं कोडिंगसुद्धा सुधारलं.

एक तातडीचं. मेडिकेअरच्या पहिल्या अपिलाला नकार मिळाल्यापासून 120 दिवस मिळतात. सहा क्लेम म्हणजे कदाचित सहा वेगळ्या तारखा. राइट ऑफ अजून झालं नसेल तर आज शिफ्टला गेल्यावर दुसरं काही उघडायच्या आधी सहाही रेमिटन्स (क्लेमचा निकाल सांगणारी पत्रकं) उघड, प्रत्येकावरची तारीख वहीत उतरव आणि पुढे दिवस मोज. सगळ्यात आधी मुदत संपणारा क्लेम पहिला घे.

तुझी,
ताई